विकास बँक: थेट कर्ज की बँकांमार्फत?

उद्योगांना आणि मोठ्या प्रकल्पांना दीर्घ मुदतीची कर्जं देणारी सरकारी विकास बँक हवी की नको, हा वाद आता मागे पडला आहे. भारताने आयडीबीआय या आपल्या विकास बँकेला २००४ मध्ये व्यापारी बँक करून टाकलं. मग वीज-रस्त्यांची पंधरा-वीस वर्षांची कर्जं अल्पमुदतीच्या ठेवींवर चालणाऱ्या बँकांच्या गळ्यात पडली. २०१८ मध्ये बँकांच्या एकूण कर्जांतला थकीत कर्जांचा वाटा (ढोबळ एनपीए) ११ टक्क्यांवर गेला (कारणं इतरही होती), आणि २०२१ मध्ये पायाभूत प्रकल्पांसाठी नॅबफिड ही विकास बँक नव्याने उभारावी लागली. निवड करायची ती पद्धतीची.

जर्मनीची सरकारी विकास बँक केएफडब्ल्यू १९४८ ची. तिला शाखा नाहीत, ती ठेवी घेत नाही. सरकारी हमीवर रोखे विकून पैसा उभारते. छोट्या कारखानदाराला बॉयलर बदलायचा असेल तर तो आपल्या नेहमीच्या बँकेत जातो. तीच बँक त्याचे ताळेबंद तपासते, तारण घेते आणि केएफडब्ल्यूकडून स्वस्त पैसा आणून आपलं मार्जिन लावून त्याला देते. कारखाना बुडाला तर नुकसान सहसा पूर्णपणे किंवा अंशतः त्या बँकेचंच. त्यामुळे मंत्र्याचा फोन येऊन कर्ज मंजूर होण्याची वाट जवळपास बंद.

पण त्याच कारणाने बँका हात आखडता घेतात. २०२० च्या कोविड काळात केएफडब्ल्यूने ८०-९० टक्के जोखीम उचलूनही छोट्या उद्योगांपर्यंत पैसा नीट पोचेना. शेवटी एप्रिलमध्ये १०० टक्के हमीची जलद कर्जयोजना काढावी लागली. नवख्या उद्योजकाने या पद्धतीकडून फार आशा धरू नये.

ब्राझीलची विकास बँक बीएनडीईएस १९५२ ची. तीही मधल्या बँका वापरते, पण मोठी कर्जं स्वतः देते, कंपन्यांचे समभागही घेते. धरणासारख्या प्रकल्पाला हेच सोयीचं, कारण त्याची छाननी करणारे अभियंते गल्लीतल्या बँकेकडे नसतात. २००८ च्या मंदीनंतर सरकारी तिजोरीतून तिला प्रचंड पैसा मिळाला आणि निवडक बड्या कंपन्या आणखी बड्या झाल्या. सरकार स्वतः महाग दराने कर्ज काढत होतं आणि बँक त्याहून स्वस्त दराने वाटत होती. ही सवलत अर्थसंकल्पात ठळकपणे दिसत नव्हती, हे मला सर्वांत खटकतं. २०१८ पासून नव्या कर्जांचा दर सरकारी रोख्यांशी जोडला, तेव्हा कुठे लगाम बसला.

हजारो छोटी कर्जं द्यायची असतील तर मी बँकांमार्फतचा मार्ग घेईन; मोजके, अवजड प्रकल्प असतील तर थेट, पण दर बाजाराशी बांधून आणि सवलत अर्थसंकल्पात दाखवून. मात्र देशातल्या बँकाच थकबाकीने बेजार असतील तर पहिला मार्ग कागदावरच राहतो. त्यांना कितीही स्वस्त पैसा दिला, तरी त्या तो सरकारी रोख्यांत ठेवून मोकळ्या होतील.