पॅरिसची बॅले-सहल: गाईड झकास, हेडफोन भंगार

बॅलेच्या इतिहासावरची ही पायी सहल लूव्र संग्रहालयाच्या पूर्वेकडच्या खांबांपाशी सुरू होते. पती-बूर्बाँ नावाच्या वाड्याचं सभागृह इथेच होतं. १६५३ मध्ये १४ वर्षांचा फ्रान्सचा राजा चौदावा लुई तिथे रात्रभर चाललेल्या ‘बॅले द ला न्युई’मध्ये उगवता सूर्य होऊन नाचला. सरदारांचं बंड नुकतंच शमत आलेलं. आता कोणाभोवती फिरायचं हे त्यांना वेगळं सांगायला नको! गाईडबाईंनी हा भाग असा रंगवला की कोणी घड्याळाकडे बघेना.

खरी मजा आत, चित्रकार रिगोच्या १७०१ सालच्या चित्रापुढे. साठी ओलांडलेला हाच राजा झगा बाजूला सारून पोटऱ्या दाखवत उभा आहे. बुटांच्या टाचा लाल, पावलं बॅलेतल्यासारखी बाहेरच्या अंगाला वळलेली. मी कथकवाली, त्यामुळे माझी नजर आधी पायांवरच गेली. बाईंनी आम्हालाही तसंच उभं केलं, तेव्हा गुडघ्यांनी लगेच तक्रार नोंदवली.

पुढे मात्र घाई. राजाने १६६१ मध्ये काढलेली नृत्य अकादमी, त्याचा नृत्यगुरू बोशाँने बसवलेल्या बॅलेतल्या पायांच्या पाच स्थिती, संगीतकार ल्युली, सगळं चालता चालता उरकलं. १६८१ पर्यंत ऑपेराच्या रंगमंचावर स्त्री-नर्तकी नव्हत्या, हे मी खोदून विचारलं म्हणून कळलं.

हेडफोन सतत खरखरत होते आणि गट फार मोठा. लूव्रचं तिकीट वेगळं काढावं लागतं, ते आधीच काढून ठेवा. नाचाची आवड असेल तर जरूर जा. नुसते फोटो काढायचे असतील तर पैसे वाचवा.