शब्दांची कुंडली सांगणारं अ‍ॅप: ३ स्टार, त्यातले दोन एकट्या ‘जंगल’ला

दीडेक महिना वापरतोय. रोज सकाळी एक शब्द येतो, खाली तो कुठून कसा भटकत आला ते, सोबत दोन मिनिटांचा ऑडिओ, बास एवढंच. नाव लिहीत नाही कारण पुढे शिव्या पण घालायच्यात.

आधी चांगलं. ‘जंगल’ वाचून उडालोच. संस्कृतात जांगल म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा, पाण्याची बोंब असलेला मुलूख, आणि आपल्या डोळ्यापुढे येते घनदाट झाडी, म्हणजे पार उलटंच की! ‘साहस’चीही तीच गत, जुन्या धर्मशास्त्रात साहस म्हणजे मारहाण, लुटालूट असले बळजबरीचे गुन्हे, आता त्याच नावाने पोरांना शौर्याची बक्षिसं देतात. ‘देवानांप्रिय’ तर अशोकाची पदवी, पुढे व्याकरणवाल्यांनी तिचा अर्थ चक्क मूर्ख लावला (बिचारा अशोक). चावी, बादली, पगार हे पोर्तुगीजांकडून आले एवढं माहीत होतं, पण त्यांच्यात पगार हे क्रियापद आहे, पैसे देणे, फेडणे, म्हणजे ‘पगार दिला’ म्हणताना आपण ‘देणं दिलं’ असंच काहीतरी बोलत असतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आता शिव्या. ‘सॅलरी’च्या कार्डावर ठोकून दिलंय की रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा. अहो, लॅटिनमध्ये त्या शब्दाचं मिठाशी नातं आहे हे खरं, पण मीठ मोजून पगार वाटल्याचा पुरावा कुठाय? आणि ‘ध चा मा’ तर कहरच. १७७३ ला नारायणरावांचा खून झाला हा इतिहास, पण आनंदीबाईंनी ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं ही ऐकीव गोष्ट, आणि हे लोक ती अशी सांगतात जणू पत्र यांच्याच कपाटात आहे, वर ऑडिओत घोड्यांच्या टापा! कोपऱ्यात ‘दंतकथा’ एवढं लिहायला काय जातं? भारी गोष्ट आणि खरी गोष्ट एकाच ताटात वाढली की मग ‘जंगल’वर पण शंका येते ना.

मेल केला तर उत्तर आलं, अभिप्रायाबद्दल धन्यवाद. पुढच्याच आठवड्यात ‘ध चा मा’ परत आला, टापांसकट.

नोटिफिकेशन चालू ठेवलंय, ऑडिओ बंद.