टाकीच्या झाकणातला थर्मामीटर आणि ऑइल कूलर: 8 महिन्यांनंतर

गाडी 1969 ची ट्रायम्फ बॉनव्हिल टी120, 650 सीसी. ड्राय संप, म्हणजे ऑइल इंजिनाच्या तळाशी न साठता सीटखालच्या वेगळ्या टाकीत राहतं. तीन लिटरच्या आसपास. इतकी वर्षं माझा थर्मामीटर म्हणजे माझा तळहात. लांबून आलो की टाकीला हात लावायचा, चटका बसला की ‘जुनी गाडी, तापणारच’ म्हणून विषय सोडून द्यायचा.

मग दोन वस्तू एकदम घेतल्या. टाकीच्या झाकणाच्या जागी बसणारा डायल थर्मामीटर, आणि साधा, थर्मोस्टॅट (ऑइल तापेपर्यंत ते कूलरकडे जाऊ न देणारी झडप) नसलेला ऑइल कूलर.

थर्मामीटर लावण्याआधी त्याची दांडी उकळत्या पाण्यात धरली. काटा 94 वर जाऊन बसला. दोनदा पाहिलं, तेच. मग डायलच्या काचेवर मार्करने खरी 100 ची रेघ मारली. पुढचे सगळे आकडे ती सहा अंशांची चूक धरून दिलेत. आणि हे टाकीतलं तापमान आहे. बेअरिंगमधून आणि हेडवरून जाणारं ऑइल याहून बरंच गरम असतं.

पहिले पंधरा दिवस कूलरशिवाय चालवली. कडक उन्हात तासभर सलग पळवल्यावर 112. हे काही लगेच घाबरण्यासारखं नाही. 20डब्ल्यू50 या ऑइलच्या ग्रेडमधला तो 50 मुळातच 100 अंशांवरचा दाटपणा मोजून दिलेला असतो. पण त्याच्या वर ढोबळ हिशेब असा, की दर 10 अंशांमागे ऑइल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून कूलर बसवला.

तो रिटर्न लाइनमध्येच, म्हणजे इंजिनातून टाकीकडे परत येणाऱ्या पाइपातच बसवायचा, यात तडजोड नाही. टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या पाइपात अडथळा आला तर बेअरिंग उपाशी राहतात. रिटर्नला दाबही कमी असतो. या इंजिनाच्या ऑइल पंपात परत ओढणारा प्लंजर (दट्ट्या) पाठवणाऱ्यापेक्षा मोठा असल्यामुळे ऑइल हवेसकट उचक्या देत येतं, म्हणून कूलरची दोन्ही तोंडं वर ठेवली. नाहीतर वर हवा कोंडून राहते. रॉकरला (हेडमधल्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांना) जाणारी बारीक नळीही याच रिटर्नवरून निघते. ती टाकीजवळ होती तिथेच ठेवली, कूलरनंतर.

त्याच रस्त्यावर, तशाच उन्हात 112 चे 96 झाले. चार दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो.

मग एकदा ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकलो आणि काटा आरामात 108 ला गेला. गाडी उभी, वारा नाही, तर कूलर म्हणजे नुसतं लटकवलेलं लोखंड! (ॲल्युमिनियम असतं, पण त्या दिवशी लोखंडच वाटलं.)

खरी फजिती थंडीत झाली. महिनाभर रोजच्या छोट्या फेऱ्या, काटा 55 च्या वर सरकेना. एका सकाळी झाकण उघडलं तर आतून पांढरट पिवळी साय, बोटाने खरवडावी इतकी जाड. इंजिनात साचणारी वाफ ऑइल चांगलं तापलं तरच उडून जाते. मी ते तापूच देत नव्हतो. ऑइल बदललं, कूलरवर तात्पुरता पुठ्ठा बांधला, आणि शेवटी 80 च्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅट लावला. जो पहिल्या दिवशीच घ्यायला हवा होता.

त्याच सुमारास इग्निशन टायमिंगवर, म्हणजे ठिणगी कधी पडते त्यावर, स्ट्रोब लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) मारून पाहिली. पूर्ण ॲडव्हान्सला ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या 38 अंश (क्रॅंकच्या फिरण्याचे, तापमानाचे नव्हेत) आधी पडायला हवी, माझी गाडी 31 च्या पुढे जाईना. वेग वाढला की ठिणगी आपोआप लवकर पाडणाऱ्या ऑटो ॲडव्हान्सची वजनं वाळलेल्या ग्रीसमध्ये अडकली होती. ठिणगी उशिरा पडते, जळणं लांबतं, आणि ती उष्णता कामाला न येता हेडमध्ये नि एक्झॉस्टमध्ये जाते. वजनं मोकळी केली. ऊन पुन्हा तापल्यावर कूलर पुठ्ठ्याने पूर्ण झाकून जुनाच रस्ता, जुनाच वेग: 101. म्हणजे 112 मधले अकरा अंश माझ्या आळसाचे होते. कूलरने ते इतके दिवस छान झाकून ठेवले.

बाकी तक्रारी किरकोळ. डायल सीटखाली, त्यामुळे चालवताना दिसत नाही. थांबूनच बघावा लागतो. कूलर समोर डाउनट्यूबवर (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीवर), पुढच्या चाकाची सगळी माती त्याच्या फिनमध्ये. खालची होज फ्रेमला घासून सहाव्या महिन्यात तिचं वरचं रबर गेलं. गळायच्या आत दिसली हे नशीब. आता तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय. कूलर आणि होजमध्ये पाव लिटर ऑइल जास्त मावतं, तेव्हा बसवल्यावर इंजिन चालवून मगच लेव्हल बघा. रात्रभर उभ्या गाडीत टाकीतलं ऑइल खाली क्रॅंककेसमध्ये झिरपतं, आणि सकाळी टाकी रिकामी दिसली म्हणून वरून ओतलं की ब्रीदरमधून (हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) सगळं बाहेर.

कूलर काढलेला नाही, लांबच्या उन्हाळी प्रवासाला हवा. पण कोणी विचारलं तर आधी झाकणातला थर्मामीटर घ्यायला सांगतो, आणि स्ट्रोब लाइट माझी घेऊन जा म्हणतो.