सर्वांगीण मनःस्वास्थ्याचं ॲप: वर्षभर वापरल्यानंतर

परवा सकाळी साडेसहाला मोबाइल वाजला आणि खात्यातून २,९९९ रुपये गेले. ॲपचं दुसरं वर्ष आपोआप सुरू झालं. गेल्या एप्रिलमध्ये सवलतीत १,४९९ ला घेतलं होतं, यंदा थेट दुप्पट. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तसा मेसेज आलाही होता, मी जाहिरात समजून पुसून टाकला. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा वर्गणीला दर वेळी ओटीपी लागत नाही. ज्यांनी असलं काही घेतलंय त्यांनी आजच यूपीआयमध्ये ‘ऑटोपे’ उघडून बघावं.

ॲपमध्ये काय काय असतं ते बहुतेकांना माहीत आहे. ध्यान, श्वसन, योगनिद्रा, डायरी, आहार, आणि जास्त पैसे भरले तर समुपदेशकाशी चॅट. ‘मन, शरीर, श्वास, आहार, नाती’ असे पाच विभाग. वडील गेल्यावर माझी झोप गेली होती. पहाटे तीनला टक्क जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत छातीवर दगड. पतसंस्थेत हिशेब लिहिते, तिथे बेरजा चुकायला लागल्या, तेव्हा हे घेतलं.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरोखर चांगलं आहे. २२ मिनिटांची मराठी योगनिद्रा. बिहार योग विद्यालयाच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी जी पद्धत बसवली, तीच. आधी संकल्प, मग उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी, तळहात, असं करत लक्ष सगळ्या अंगावरून फिरवायचं. मग जड-हलकं, थंड-गरम. सांगणाऱ्या बाईंचा आवाज आपल्या शेजारच्या काकूंसारखा, उगाच मधाळ केलेला नाही. दुसऱ्या आठवड्यात मी डाव्या पायापर्यंत पोचायच्या आत झोपले. त्या महिन्यात मी पाच तारे दिले होते.

आता स्ट्रीक. रोज काहीतरी केलं की आकडा एकाने वाढतो, एक दिवस चुकला की शून्य. मला आकड्यांची सवय, त्यामुळे मी त्यात पुरती अडकले. ६३ पर्यंत गेले होते. जूनमध्ये सासूबाई न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी मनातल्या मनात पूर्ण योगनिद्रा केली, अंगठ्यापासून टाचेपर्यंत. तिथे रेंज नव्हती. बाहेर जिन्यात रेंज मिळाली तेव्हा बारा वीस झाले होते आणि स्क्रीनवर मोठा करडा शून्य. खाली वाक्य: ‘काही हरकत नाही, पुन्हा सुरुवात करा!’ त्याच्या खाली बटण: ४९ रुपयांत स्ट्रीक परत मिळवा.

मी त्या जिन्यात बसून रडले. सासूबाईंच्या पायासाठी तोवर रडले नव्हते.

कस्टमर केअरला तीनदा लिहिलं. सोय केलीच पाहिजे असा हट्ट नव्हता, फक्त विचारलं होतं की आजारपणाचा, दवाखान्याचा दिवस धरायची काही सोय आहे का. तिन्ही वेळा तेच इंग्रजी उत्तर, शब्दही न बदलता. झोप उडालेल्या, आधीच स्वतःला दोष देणाऱ्या माणसाला तुम्ही शून्य दाखवता आणि वर ४९ रुपये मागता. पैसे मी भरले नाहीत. पण त्या रागात ॲप बंद केलं, आणि त्याबरोबर योगनिद्राही सुटली. पाच आठवडे. पहाटेचे तीन परत आले. कुणाला वाटेल एका आकड्यावरून किती लिहिते आहे, पण माझं नुकसान त्या आकड्याने केलं.

सप्टेंबरात मत आणखी बिघडलं. दर महिन्याला ॲप उदासपणा मोजणारे नऊ प्रश्न विचारतं, उत्तरांचे ० ते २७ गुण होतात, गुण जास्त तितका उदासपणा जास्त. माझे १६ आले. नववा प्रश्न, मेलेलं बरं असे विचार येतात का, त्याला मी ‘काही दिवस’ असं खरं उत्तर दिलं. समोर कमळ उमललं आणि चार मोजत श्वास घ्यायला सांगितलं. ना नंबर, ना माणूस. १४४१६ हा नंबर मला जाऊबाईंनी दिला. टेली मानस, केंद्र सरकारची मोफत सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, चोवीस तास. मराठी निवडता येतं. त्या रात्री तिथल्या ताई माझ्याशी शांतपणे बोलल्या आणि सकाळी डॉक्टरांकडे जायचं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

आमच्या डॉक्टरांनी ३०० रुपये फी घेतली आणि तेच नऊ प्रश्न कागदावर विचारले. नववा विचारताना पेन खाली ठेवलं. मग रक्त तपासलं. बी-१२ कमी, टीएसएच वाढलेलं, म्हणजे थायरॉइड कमी पडत होतं. थकवा, मरगळ, उदासपणा थायरॉइड कमी पडल्यानेही येतो किंवा वाढतो, आणि शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं काही नवं नाही. ‘शरीर’ नावाचा विभाग असलेल्या ॲपने पाच महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं की रक्त शेवटचं कधी तपासलंत. उलट त्यांच्या दुकानातून मी अश्वगंधाच्या कॅप्सूल घेतल्या होत्या. डॉक्टरांनी त्या बंद केल्या, अश्वगंधाने रक्तातलं थायरॉइड हार्मोनचं प्रमाण वाढू शकतं म्हणून. सर्वांगीण म्हणायचं तर निदान एवढं विचारा, गोळ्या कुठल्या चालू आहेत.

डॉक्टरांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे गोळी सुरू झाली, तिचा फरक तिसऱ्या आठवड्यानंतर जाणवायला लागला. तिथल्या समुपदेशक बाईंकडून एक कळलं. ॲपमधला ‘आठ आठवड्यांचा सजगता कोर्स’ (सजगता म्हणजे माइंडफुलनेस) ज्यावर बेतलाय, तो जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केला. त्यात आठवड्याला साधारण अडीच तास शिक्षकासमोर, गटात बसायचं असतं, शिवाय एक पूर्ण दिवस मौनात, आणि रोज घरी सराव. ॲपने त्यातून माणसं काढून टाकली आणि दहा-दहा मिनिटांचे तुकडे उरवले.

डायरी बरी आहे, पण दोन ओळींच्या वर लिहायला अक्षरं फार बारीक. मी शाळेची वही वापरते. आहार विभाग उघडून बघितला, आमच्या घरात शिजणारं त्यात काही नव्हतं. समुपदेशकाचं चॅट घेतलंच नाही, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही.

सप्टेंबरानंतर ॲप बंदच ठेवलं होतं. तरी नोव्हेंबरात परत उघडलं, योगनिद्रेतल्या त्या आवाजासाठी. वर्गणी भरलेली होती, वाया का घालवायची. समुपदेशक बाई म्हणाल्या, गोळ्या चालू ठेवून हेही करा. म्हणून आता पाच तारे मागे घेऊन दोन देते. दोन्ही त्या २२ मिनिटांचे. फेब्रुवारीत नऊ प्रश्नांचे गुण ६ आले. गोळीने किती, बी-१२ ने किती, योगनिद्रेने किती, हे मला वेगळं काढता येत नाही आणि काढायचंही नाही.

पैसे परत मागितलेत, अजून उत्तर नाही. ऑटोपे बंद केलंय. योगनिद्रा आता मला तोंडपाठ झाली आहे. रात्री लाइट घालवून मी हळू आवाजात सांगते, सासूबाई शेजारच्या पलंगावर ऐकतात. पायाच्या टाचेपर्यंत त्या कधीच जाग्या नसतात.

हिशेब कालनिर्णयावर ठेवते. केलं त्या दिवशी पेन्सिलीची टिक, नाही केलं तर चौकोन तसाच मोकळा. महिन्याच्या शेवटी टिका मोजते. फेब्रुवारीत १८ होत्या, मार्चमध्ये २३.