नाताळची लगबग आणि सदरमधली भट्टी

डिसेंबर लागला की नागपूरच्या सदर भागातल्या काही जुन्या बेकऱ्या पाव, खारी आणि टोस्ट यांच्या जोडीला आणखी एक काम हाती घेतात. लोकांनी घरून आणलेले केकचे मिश्रण त्या आपल्या भट्टीत भाजून देतात. अशाच एका बेकरीच्या या हंगामी सेवेचा लाभ आमचे कुटुंब बऱ्याच वर्षांपासून घेत आले आहे आणि यंदाही घेतला. काही तक्रारी नोंदवायच्या असल्याने बेकरीचे नाव येथे देत नाही. शिवाय नाताळच्या आधीच्या आठवड्यात तेथे आणखी एका डब्यालाही जागा उरत नाही, त्यामुळे नाव सांगून गर्दी वाढवण्यात आमचाच तोटा आहे. सदरमध्ये कोणत्याही ख्रिस्ती घरी विचारले, तरी दोन-तीन पत्ते सहज मिळतील.

ही सेवा कशी आहे हे सांगण्यापूर्वी ती ज्या धांदलीत वापरली जाते, ती समजून घेणे भाग आहे. नाताळ २५ डिसेंबरला असला, तरी केकची खरी मुदत त्याच्या पुष्कळ आधी संपते. चर्चच्या मंडळीतले कॅरल, म्हणजे नाताळची गीते, गाणारे रात्री घरोघरी फिरतात, आणि आपल्या घराची पाळी ज्या रात्री असेल, त्या रात्री गिटार, ढोलकी आणि मफलरांसह दारात उभ्या राहिलेल्या वीस-पंचवीस जणांपुढे चहाबरोबर केक ठेवावाच लागतो. त्याच सुमारास रविवार शाळेच्या मुलांच्या नाटिकेची तालीम चाललेली असते, त्यातल्या मेंढपाळांच्या डोक्याला बांधायचे पंचे शोधायचे असतात, गायकवृंदाचा सराव असतो, चर्चची झाडलोट आणि सजावट असते, दारावरचा कागदी तारा गच्चीवरून टांगायचा असतो, सीताबर्डीवरची कपडेखरेदी बाकी असते आणि इतवारीतून सुकामेवा आणायचा असतो. करंज्या, चकल्या, शंकरपाळे आणि अनारसे मराठी ख्रिस्ती घरात नाताळलाही होतात. पण ते कुरकुरीत राहावेत म्हणून शेवटच्या तीन-चार दिवसांतच तळले जातात. केक मात्र मुरला की अधिक चांगला लागतो. त्यामुळे केक आधी आणि तळण नंतर, हा क्रम ठरलेला आहे, आणि या सगळ्या वेळापत्रकाची खुंटी म्हणजे भट्टीवर मिळालेला दिवस. तो एकदा वहीत लिहिला गेला, की बाकीची कामे त्याच्या मागे-पुढे आपोआप लागतात.

नागपूरकरांना त्यात आणखी एक भर असते, ती हिवाळी अधिवेशनाची. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरते आणि ते बहुधा डिसेंबरातच येते. विधानभवन सिव्हिल लाइन्समध्ये आहे आणि सदर त्याला लागूनच आहे. मोर्चाच्या दिवशी कोणता रस्ता बंद असेल, हे सकाळचे वर्तमानपत्र पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि मांडीवर मिश्रणाचे पातेले धरून ऑटोत बसलेल्या माणसाला मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडकून पडणे परवडत नाही. आम्ही अधिवेशनाच्या तारखा पाहूनच बेकरीतला दिवस ठरवतो. शनिवार किंवा रविवार मिळाला तर उत्तम, पण रविवारी सकाळी उपासना असते, म्हणून शनिवारासाठी सगळ्यांचीच ओढाताण चालते.

सदरमध्येच ही सेवा का टिकली, याचे उत्तर वस्तीत आहे. ऑल सेंट्स कॅथीड्रल आणि सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथीड्रल ही दोन्ही याच भागात आहेत आणि भोवताली ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. सहा निरनिराळ्या चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, ती २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच, आणि तो दिवस त्या वर्षीच्या आगमनकाळाचा, म्हणजे नाताळपूर्वीच्या तयारीच्या काळाचा (ॲडव्हेंटचा), पहिला रविवार होता. आगमनकाळ २५ डिसेंबरच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो. बेकरीची वहीसुद्धा साधारण त्याच आठवड्यात उघडते. मालक मुसलमान आहेत, पण आगमनकाळ कधी लागतो हे त्यांना कॅलेंडर न पाहता ठाऊक असते.

आता मूळ सेवेकडे येऊ. भट्टी विटांची, कमानीच्या छताची आणि लाकडावर तापणारी आहे. आत लाकूड जाळून विटा तापवायच्या, मग निखारे बाजूला सारून त्या साठलेल्या उष्णतेवर भाजायचे, ही तिची रीत. भट्टी अगदी कडक असते तेव्हा पाव जातो. थोडी उतरली की खारी आणि नानकटाई जाते. केकची पाळी त्यानंतर येते, कारण सुकामेव्याच्या जड केकला १५० ते १६० अंशांची मंद आच आणि भरपूर वेळ लागतो. पहिल्यांदा आलेली मंडळी दुपारी बाराला पातेले घेऊन उभी राहतात आणि ‘आत्ताच घाला’ म्हणून आग्रह धरतात. त्यावर मुख्य कारागिराचे उत्तर ठरलेले असते : “थांबा नं ताई, पाव निघू द्या. आत्ता ठेवला तर वरून जळेल आन् आतून कच्चा राहील.” त्यांच्याकडे तापमापक नाही. ते चिमूटभर मैदा भट्टीच्या तळावर टाकतात आणि तो किती वेळात कोणत्या रंगाचा होतो, ते पाहून डबे आत सरकवायचे की नाही ते ठरवतात. हा अंदाज चुकलेला मी पाहिलेला नाही.

या सेवेचे दोन प्रकार आहेत. एकात तुम्ही मैदा, साखर, लोणी, अंडी आणि भिजवलेला मेवा नेऊन द्यायचा व बेकरीतले लोक मिश्रण करून देतात. दुसऱ्यात मिश्रण तुम्ही करायचे आणि बेकरीने फक्त भाजायचे. पहिला प्रकार सोयीचा आहे, पण बेकरीचा हात सगळ्यांच्या केकवर सारखाच पडतो आणि चवीत घराघरांतला फरक राहत नाही, असे माझे मत आहे. दुसऱ्या प्रकारात एक अडचण आहे, ती नवख्यांनी नीट समजून घ्यावी. बेकिंग पावडर ओलाव्याला लागली की तिचे काम सुरू होते; त्यात मेवा संत्र्याच्या रसात भिजवलेला असेल आणि सोडाही घातला असेल, तर आंबट रसामुळे वायू लगेच सुटू लागतो. असे तयार मिश्रण रांगेत तासभर थांबले, तर भट्टीत जाईपर्यंत त्यातला जोर निघून गेलेला असतो आणि केक दडस होतो. म्हणून लोणी, साखर आणि अंडी फेटून एका पातेल्यात न्यावीत, मैदा व बेकिंग पावडर चाळून वेगळ्या डब्यात न्यावी, आणि आपला क्रमांक जवळ आल्यावर तेथेच दोन्ही एकत्र करावे.

त्यासाठी बेकरीने भट्टीच्या बाजूच्या भिंतीला लागून पत्रा ठोकलेले एक लांब टेबल ठेवले आहे, आणि या सेवेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. डिसेंबरातल्या नागपूरच्या थंडीत लोणी दगडासारखे होते आणि घरी फेटताना हात भरून येतो. येथे भिंतीच्या उबेला पातेले टेकवून ठेवले, की थोड्या वेळात ते चमच्याला वश होते. टेबलाभोवती चार-पाच कुटुंबे एकाच वेळी उभी असतात. कोणी मेव्याला कोरडा मैदा चोळत असते, म्हणजे तो केकच्या तळाशी बसत नाही. कोणी साखर जाळून केलेल्या कॅरमलचा रंग दुसऱ्याच्या कॅरमलशी ताडून पाहत असते. आणि जायफळ कोणाचे अधिक झाले, हे सगळ्यांनाच वासावरून कळते. मेवा रममध्ये भिजवणारे आणि संत्र्याच्या रसात भिजवणारे यांच्यातला जुना वादही याच टेबलावर दरवर्षी नव्याने रंगतो. आमचे घर रसवाल्यांचे आहे. आंबिया बहाराची संत्री नेमकी याच दिवसांत बाजारात असतात. त्यांची साल दोनदा उकळून, कडू पाणी टाकून, मग पाकात मुरवली, तर टुटी-फ्रुटीची गरज राहत नाही.

केकचा दर्जा पाहू. घरच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, वरची तापणारी कांब जवळ असल्याने केकचा माथा लवकर करपतो, आणि त्यावर कागद झाकला तरी कडा कोरड्या होतात. भट्टीत उष्णता विटांतून सगळीकडून सारखी येते आणि हळूहळू उतरत जाते. त्यामुळे माथा सपाट व तपकिरी येतो, सुरी घातली की भुगा पडत नाही, आणि आतला ओलावा दहा-बारा दिवस टिकतो. लाकडाच्या धुराचा अगदी पुसट वास केकच्या खालच्या बाजूला लागतो. तो सगळ्यांना आवडेलच असे नाही, पण ज्यांना त्याची सवय आहे त्यांना त्यावाचून केक नाताळचा वाटत नाही. भट्टीच्या तोंडाजवळचे डबे मात्र आतल्या डब्यांपेक्षा फिके निघतात. कारागीर मधूनच लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने डब्यांची अदलाबदल करतात. गर्दीच्या दिवशी ती राहून जाते. मोठा डबा आत ठेवायला सांगितले तर ऐकतात, फक्त ते आधी सांगावे लागते.

तक्रारींपैकी पहिली आणि मोठी तक्रार डब्यांच्या ओळखीची आहे. प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवली जाते, आणि ती भट्टीत जळून जाणार हे शेंबड्या पोरालाही कळेल, तरीही दरवर्षी चिठ्ठीच लावली जाते. मग दुसऱ्या दिवशी सकाळी शे-दीडशे सारख्याच दिसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या डब्यांतून आपले डबे ओळखायचे. एका हंगामात आमच्या घरी दुसऱ्याच कुटुंबाचा केक आला. तो आमच्यापेक्षा चांगला होता, ही गोष्ट वेगळी. जाणते लोक भांड्यांवर नाव घालतात तसे डब्यांच्या बाजूला नाव कोरून घेतात, आणि ज्यांना ही सेवा दरवर्षी घ्यायची आहे त्यांनी तेच करावे. बेकरीने पत्र्याचे क्रमांक पाडून डब्याला तारेने अडकवले, तर हा प्रश्न एका दिवसात सुटेल. ही सूचना मालकांना अनेकांनी केली आहे आणि ती त्यांना दरवेळी पटतेही.

दुसरी तक्रार कागदाची आहे. डब्यात लावायला बेकरी जुनी वर्तमानपत्रे पुढे करते. छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, असे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्येच बजावले आहे. मग ज्या कागदावर केक तासन्‌तास भाजला जातो, त्याबद्दल वेगळे सांगायला नको. बटर पेपर घरून कापून न्यावा. याखेरीज, फोन लावून काही उपयोग होत नाही, आणि वयस्क माणसांना बसायला एक बाकडे सोडले तर सोय नाही. अंड्याचे आणि बिनअंड्याचे डबे मात्र निरनिराळ्या वेळी आत जातात, हे कौतुकाने नोंदवायला हवे.

भाजण्याचे भाडे डब्याच्या वजनावर असते आणि ते बाजारातल्या तयार प्लम केकच्या किमतीच्या मानाने अगदीच किरकोळ आहे. तरीही ही सेवा प्रत्येकाने घ्यावी, असे मी म्हणणार नाही. एक-दोन किलोचाच केक करायचा असेल, तर जाण्या-येण्याची आणि थांबण्याची अर्धी सुटी खर्ची घालण्यापेक्षा घरचा ओटीजी बरा. शेजारी, कार्यालयातले सहकारी, कॅरलची मंडळी आणि दिवाळीला ज्यांच्याकडून फराळाचे ताट आले ती सगळी घरे, असा ज्यांचा पसारा आहे, त्यांना मात्र भट्टीला पर्याय नाही. ओटीजीत दोन-दोन डबे लावून तेवढे केक करायचे म्हणजे रात्री जागून काढाव्या लागतील आणि तालमीला पेंगत जावे लागेल. भट्टीवर एका दुपारीत सगळे होते, आणि उरलेला आठवडा करंज्यांना मिळतो.

अशा भट्ट्या पुढे किती काळ राहतील, हा प्रश्न टेबलाभोवती यंदा बराच चघळला गेला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या संदर्भात मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. तो मुंबईपुरता असला, तरी येथील बेकरीवालेही त्याकडे लक्ष ठेवून आहेत. गॅसची भट्टी बसवली तर पाव तसाच होईल, असे मालकांचे म्हणणे आहे. केकबद्दल कारागिराने काही बोलायचे टाळले.

ज्यांना पहिल्यांदाच जायचे आहे, त्यांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्वतः जाऊन वहीत नाव लिहावे. वीस तारखेनंतर नवे नाव घेत नाहीत. डबे पाऊण भागच भरावेत. केक दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतो, तो नेताना डबा उपडा करून पाहावा आणि मगच निघावे. नाताळच्या आधीचा दिवस मिळालाच नाही, तर वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेनंतर वाटण्यासाठी म्हणून २७ किंवा २८ डिसेंबर घ्यावा. तेव्हा रांग नसते, टेबल मोकळे असते आणि कारागिराला डब्यांची अदलाबदल करायला सवड असते, त्यामुळे केक नाताळच्या केकपेक्षाही एकसारखे भाजून निघतात.