घरच्या स्टुडिओसाठी स्कार्लेट टू-आय-टू: गाणे, पेटी आणि तबल्याच्या कसोटीवर

घरी ध्वनिमुद्रणाची सोय करणारे बरेच जण पहिला पैसा मोठ्या कीबोर्डवर आणि आवाजांच्या लायब्ररींवर घालतात. ज्याला भावगीत, अभंग किंवा नाट्यपद ध्वनिमुद्रित करायचे आहे, त्याने तो आधी ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोनचा आवाज संगणकात नेणारे यंत्र), मायक्रोफोन आणि खोली यांवर घालावा, असे माझे ठाम मत आहे. फोकसराइट कंपनीच्या स्कार्लेट टू-आय-टू या इंटरफेसच्या 2023 साली आलेल्या चौथ्या पिढीचा विचार मी येथे याच दृष्टीने केला आहे.

या यंत्राला दोन मायक्रोफोन जोडता येतात, कंडेन्सर या नाजूक, बारीक आवाजही टिपणाऱ्या मायक्रोफोनला केबलमधूनच लागणारी 48 व्होल्टची वीज (फँटम पॉवर) त्यात आहे आणि ते संगणकाच्या यूएसबीवरच चालते. आधीच्या पिढीत 56 डेसिबल असलेली गेनची, म्हणजे सिग्नल वाढवण्याची, मर्यादा आता 69 डेसिबलपर्यंत गेली आहे. शुअर एसएम 57 किंवा एसएम 58 यांसारख्या डायनॅमिक (फँटम पॉवर न लागणाऱ्या) मायक्रोफोनचा सिग्नल मुळात क्षीण असतो, त्यामुळे मंद्र सप्तकात हळुवार गाणाऱ्या गायकाला या वाढीचा खरा उपयोग होतो. ऑटो गेनचे बटण दाबून दहा सेकंद गायले की यंत्र पातळी स्वतः ठरवते. मात्र त्या दहा सेकंदांत मुखडा न गुणगुणता गाण्यातली सर्वांत चढी, तार सप्तकातली ओळ पूर्ण जोराने गावी, नाहीतर अंतऱ्यात आवाज फाटण्याची शक्यता राहते. क्लिप सेफ ही सोय अशा वेळी गेन आपोआप खाली आणते, आणि तिहाईच्या भरात तबलजीचा हात जोराने पडतो तेव्हा तिचे मोल कळते. ‘एअर’ची सोय वरचे स्वर उजळवते, ती काही गळ्यांना शोभते, पण पेटीच्या मुळातच धारदार असलेल्या रीड्सना ती कर्कश करते, म्हणून पेटीसाठी ती बंद ठेवलेली बरी.

तबल्यासाठी दोन्ही इनपुट वापरावेत. दायाँसाठी (उजव्या हाताच्या तबल्यासाठी) ऑडिओ-टेक्निका एटी 2020 हा कंडेन्सर साधारण एक वीत उंचीवर, चाटेच्या (पुडीच्या कडेच्या) बाहेरून शाईकडे (मधल्या काळ्या वर्तुळाकडे) तिरका रोखून ठेवला, तर ‘ना’ची टणक धार आणि ‘तिं’ची गोलाई दोन्ही मिळतात. डग्ग्यासाठी (डाव्या हाताच्या वाद्यासाठी) एसएम 57 पुरेसा आहे, पण तो पुडीच्या फार जवळ नेला की खालचे स्वर फुगतात आणि घुमारा सगळ्या गाण्यावर पसरतो. थोडा मागे घेतला की मनगटाच्या दाबाने चढणारा स्वर स्वच्छ ऐकू येतो.

खरी मर्यादा इनपुटच्या संख्येची आहे. गायक, पेटी आणि तबला एकत्र बसणार असतील तर हे यंत्र अपुरे आहे. येथे फोर-आय-फोर या नावाने फसू नये, कारण त्यालाही मायक्रोफोनचा सिग्नल वाढवणारे प्रीअँप दोनच आहेत. चार हवे असतील तर एटीन-आय-सिक्स्टीनकडेच जावे लागते. टू-आय-टूला कीबोर्डचे संदेश संगणकात नेणारे जुन्या पाच पिनांचे मिडी पोर्टही नाही, त्यामुळे यूएसबी नसलेला जुना कीबोर्ड थेट जोडता येत नाही. 48 किलोहर्ट्झला 128 सँपलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ठेवला तर एका दिशेचा विलंब सुमारे 2.7 मिलिसेकंद होतो आणि प्रत्यक्षात जाऊन-येऊन त्याच्या दुपटीहून अधिक होतो. गाताना कानाला तो बोचत असेल तर संगणकाला वळसा घालून आवाज थेट हेडफोनमध्ये देणारे डायरेक्ट मॉनिटरचे बटण वापरावे.

आता आवाजांच्या स्रोतांविषयी. आघात झाल्यानंतर ज्या वाद्याच्या स्वरावर वादकाचा फारसा ताबा उरत नाही, ते वाद्य सँपलमधून, म्हणजे आधी मुद्रित केलेल्या सुट्या स्वरांमधून, चांगले उभे राहते. संतूर, स्वरमंडल आणि पियानो या गटातले आहेत. तानपुराही चालतो, फक्त त्याचे मुद्रण लांब हवे, कारण छोटा लूप पुन्हा पुन्हा वाजला की जवारीतला (तारेच्या झणत्कारातला) जिवंतपणा हरवतो. बासरी, सारंगी आणि डग्गा यांचे सारे सौंदर्य एका स्वरातून दुसऱ्या स्वरात जाण्यात आहे आणि कीबोर्डच्या पिच बेंडच्या चाकाने ती मींड मनासारखी येत नाही. यांच्या महाग लायब्ररी विकत घेण्यापेक्षा तेच पैसे एखाद्या वादकाला मानधन म्हणून द्यावेत. गाण्याला त्याने जो फरक पडतो तो लगेच कानावर येतो. सिंथसाठी (कृत्रिम आवाज घडवण्यासाठी) व्हायटल आणि सर्ज एक्सटी ही मोफत साधने पुरेशी आहेत. खरी पेटी आणि सॉफ्टवेअर वाद्य एकत्र वापरायचे असल्यास आधी पेटीची काळी एक ट्यूनरवर तपासावी, कारण जुनी पेटी 440 हर्ट्झच्या मापात नेमकी बसेलच असे नाही, आणि बदलायचे ते सॉफ्टवेअर, पेटी नव्हे.

स्पीकरची घाई नको. यामाहा एचएस 5 हा प्रामाणिक स्पीकर आहे, पण लहान खोलीत, भिंतीला लागून, उघड्या फरशीवर तो डग्ग्याविषयी चुकीची माहिती देईल. गाद्या, जाड पडदे आणि पुस्तकांचे कपाट यांनी खोली आधी शांत करावी आणि तोवर चांगल्या बंद हेडफोनवर काम करावे. सॉफ्टवेअरमध्ये रीपर हे ध्वनिमुद्रणाचे साधन 60 दिवस वापरून पाहता येते आणि व्यक्तिगत वापराचा परवाना 60 डॉलरला मिळतो. एवढ्या किमतीत तबल्याचे दोन ट्रॅक, पेटी, गळा आणि तानपुरा सहज सांभाळणारे दुसरे साधन मला सुचत नाही.