बान्ह सेओ खायचं तर दक्षिणेत की मध्य व्हिएतनाममध्ये?

बान्ह सेओ म्हणजे तांदळाच्या पिठाचं घावनच, पण नातं पिठापुरतंच. घावन लुसलुशीत लागतं. बान्ह सेओची कड मोडताना कुरकुर ऐकू यायला हवी, म्हणून तेल सढळ हाताने सोडतात. आत कोळंबी, डुकराचं मांस आणि मुगाचे लांब मोड. सहलीत एकाच संध्याकाळची सोय असेल, तर ते कोणत्या भागातलं खायचं हे आधी ठरवा, कारण दोन्हीकडचं खाणं खरंच वेगळं आहे.

दक्षिणेत, म्हणजे हो ची मिन्ह शहर आणि मेकाँगच्या खोऱ्यात, ते मोठं, पातळ आणि पिवळंधमक असतं. पिठात हळद आणि नारळाचं दूध, आत बऱ्याचदा शिजवलेली मूगडाळही. अर्ध्यात दुमडून ताटात येतं तेव्हा ताटाबाहेर डोकावतं. पण इथली खरी श्रीमंती पाल्याच्या टोपलीत. मोहरीचं रुंद पान हातात घ्यायचं, त्यावर बान्ह सेओचा तुकडा, पुदिना, जांभळट पानं, घट्ट गुंडाळी करायची आणि पातळ आंबटगोड सॉसमध्ये बुडवायची. हा सॉस माशांच्या आंबवलेल्या अर्काचा. त्यात लिंबू, साखर, लसूण, मिरची. मोहरीच्या पानाचा झणका तेलकटपणा पार कापून टाकतो. काट्याचमच्याने खाल्लंत तर निम्मी चव गमावलीत. टोपलीत हृदयाच्या आकाराचं एक पान असतं, त्याला माशासारखा वास येतो. पहिल्यांदा अर्धंच घ्या. हो ची मिन्ह शहरात दिन कोंग त्रांग रस्त्यावरचं ४६ए हे यासाठीचं नावाजलेलं ठिकाण.

मध्य व्हिएतनाममध्ये आकार तळहाताएवढा होतो. छोट्या तव्यांची रांग, प्रत्येकात पळीभर पीठ, आणि तयार होईल तसं गरम गरम पानात. दा नांगला ते तांदळाच्या पातळ कागदासारख्या पापडात गुंडाळतात, सोबत काकडी, कच्च्या केळ्याच्या चकत्या, आंबट स्टारफ्रूट. तोंडी लावायला काडीवर भाजलेलं मांस. इथे सॉसच राजा: दाट, तपकिरी, शेंगदाणे, तीळ, आंबवलेलं सोयाबीन आणि डुकराचं काळीज घातलेला. होआंग ज्येउ रस्त्याच्या बोळातली बा झुओंग ही खाणावळ त्यासाठी प्रसिद्ध आहे. आणखी दक्षिणेला क्वी न्योनला पिठात हळदही नसते. पांढऱ्या बान्ह सेओवर ताजी लहान कोळंबी, बस. ह्युए शहराचं बान्ह ख्वाय हे याच घराण्यातलं, जरा जाड आणि जास्त कडक.

माझं मत दा नांगच्या बाजूने आहे. मोठं बान्ह सेओ संपेपर्यंत मधला भाग मऊ पडतो. छोटं शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहतं. शिवाय तो शेंगदाण्याचा सॉस!

पण डुकराचं मांस चालत नसेल तर दा नांगला अडचण होते, कारण काळीज थेट सॉसमध्येच असतं. अशांनी कोळंबीसाठी क्वी न्योन गाठावं. शाकाहारी असाल तर निःशंक दक्षिणेत जा. चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला अनेक बौद्ध लोक शाकाहार पाळतात, त्यामुळे मशरूम-टोफूचं बान्ह सेओ सहज मिळतं. मागताना ‘चाय’ म्हणा, म्हणजे शाकाहारी. सॉसही माशाविना आहे ना, एवढं वेगळं विचारून घ्या.

महिनाही पाहा. सप्टेंबर ते नोव्हेंबर मेकाँगला पूर येतो, तेव्हा शेवरीची पिवळी फुलं फुलतात आणि ती सारणात घालतात. हादग्याची भाजी आवडणाऱ्यांनी हे चुकवू नये. त्याच सुमारास दा नांगकडे मुसळधार पाऊस आणि वादळं असतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना मी मेकाँगच्या खोऱ्यातल्या कँथो शहराकडेच पाठवेन. दा नांगची पाळी फेब्रुवारीनंतर.